सौजन्याची ओळ

आयर्लंडमधल्या मराठी घरात दिवाळीच्या फराळाला बसलं, की नव्या माणसाला पहिला प्रश्न असतो ‘कधी आलात?’ आणि दुसरा ‘कुठे आहात?’. कुठे म्हणजे राहायला नव्हे, नोकरीला. लिक्सलिप म्हटलं की चिप, टॅला म्हटलं की हॉस्पिटल, सँडीफोर्ड म्हटलं की सॉफ्टवेअर. पुढे काही सांगावंच लागत नाही. माझी पाळी आली की मात्र चकलीचा तुकडा हातातच राहायचा. “मी एका ग्रंथालयात जुन्या चित्रांच्या परवानग्या देते,” असं म्हटलं की समोरचा माझ्या नवऱ्याकडे वळून विचारायचा, “आणि तुम्ही?”

माझ्या वडिलांना मात्र माझं काम एका फोनमध्ये समजलं. बाबा नागपूरच्या तहसील कचेरीत नक्कल विभागात होते. सात-बाराची नक्कल, फेरफाराची नक्कल, नकाशाची नक्कल. लोक अर्ज करत, फी भरत आणि बाबा सही-शिक्का मारून कागद हातात ठेवत. “म्हंजे तू बी नक्कल विभागातच लागली,” ते म्हणाले. “इतकं शिकली, इमानात बसून गेली, अन् तिकडे करून काय राहिली तर बापाचंच काम!” आवाजात चेष्टा होती, पण माणूस मनातून खूष झाला होता.

तरी त्यांच्या आणि माझ्या विभागात एक मोठा फरक होता आणि तोच समजावून सांगायला मला इतकी वर्षं लागली. बाबांकडून नक्कल घेऊन गेलेला माणूस ती देव्हाऱ्यात ठेवो नाहीतर तिच्यात भजी बांधो, तहसीलदार विचारायला जात नसत. आमच्याकडे खरी गंमत नक्कल दिल्यानंतर सुरू व्हायची.

मी १९९९ साली डब्लिनला आले. नवरा लिक्सलिपला चिकटला होता आणि मला एका जुन्या, मोठ्या ग्रंथालयात चित्रांचा डेटाबेस तयार करण्याचं कंत्राट मिळालं. ग्रंथालयाचं नाव सांगत नाही. माणसं चांगली होती आणि नियम काही कुणा एकाने केलेले नव्हते. डेटाबेस झाला, कंत्राट संपलं, पण तो चालवणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अशी मी प्रतिमा आणि परवाना विभागात कायमची झाले. विभाग म्हणजे मी आणि मॉरीन. मॉरीन आमची प्रमुख. पंचावन्नच्या पुढची, करड्या केसांची, बिस्किटाशिवाय चहा न पिणारी आणि मंडळाशिवाय निर्णय न घेणारी. मंडळ म्हणजे विश्वस्त मंडळ. ते तीन महिन्यांनी एकदा भरायचं आणि बहुतेक वेळा पुढच्या बैठकीची तारीख ठरवून उठायचं.

आता धंदा काय तो सांगते. कॉपीराइट हा काही कायमचा नसतो. चित्रकार किंवा छायाचित्रकार गेला, की त्यानंतर सत्तर वर्षांनी त्याची कृती सगळ्या जगाची होते. इथवर कुणाचं भांडण नाही. पण सगळ्यांची झालेली वस्तू एकाच्याच कपाटात असते, तिथून भानगड सुरू होते. आमच्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोंच्या काचा होत्या. फिल्म येण्यापूर्वी काचेवर निगेटिव्ह घेत, त्या. पांढरे हातमोजे घालून एकेक काच पेटीतून काढायची, प्रकाशाच्या पेटीवर ठेवायची, श्वास आवरून स्कॅन करायची. एखादी तडकलेली निघाली की दिवस वाया. या सगळ्याला खर्च येई आणि तो कुठून तरी निघायला हवा होता. म्हणून जो कुणी चित्र छापायला मागे, त्याला आम्ही शुल्क लावून परवाना देत असू.

मी लोकांना सांगायची, विहीर गावाची आहे, पण दोर आणि पोहरा आमचा. आम्ही पाण्याचे नाही, दोराचे पैसे घेतो. हे ऐकायला छान वाटतं. पण खरं सांगायचं तर, घागर घरी नेल्यावर त्या पाण्यात वरण शिजवायचं की भात, हेही आम्हीच ठरवत होतो. चित्राखाली सौजन्याची ओळ, म्हणजे ते कुणाच्या परवानगीने छापलं ते, हवीच. चित्र कापायचं नाही, चौकटीत जे आहे ते सगळं दाखवायचं. परवाना पाच वर्षांचा, पुढे नूतनीकरण. आणि आमच्या प्रतिमेवरून पुन्हा नक्कल करायची नाही.

एवढं सगळं सांगायचा आम्हाला हक्क होता का? जुन्या फोटोवरचा हक्क संपला असेल, तर त्याच्या हुबेहूब स्कॅनवर नवा हक्क कुठून उगवतो? अमेरिकेतल्या कुठल्याशा न्यायालयाने तो उगवत नाही असं म्हटल्याचं एका परिषदेत कानावर आलं होतं. मी परत येऊन मॉरीनला विचारलं. ती म्हणाली, “तो प्रश्न या इमारतीत कुणी विचारत नाही, म्हणून कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.” आणि कायद्याचं काहीही असो, परवान्यावर सही केली की माणूस करारानेच बांधला जाई. आमची सगळी इमारत त्या सहीवर उभी होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका बिस्किट कंपनीला डब्यावर बंदरावरची एक म्हातारी हवी होती, पण तिच्या तोंडातली चिलीम काढून टाकायची होती. मी म्हटलं, चिलीम राहील नाहीतर म्हातारी जाईल. आठवडाभर त्यांची बैठक चालली आणि चिलीम राहिली. एका गृहस्थांनी आपल्या गावाचा जुना नकाशा मागवला आणि शेजाऱ्याची विहीर त्यात भलतीकडे दाखवली आहे, ती दुरुस्त करून द्या म्हणाले. आणि पबवाले! त्या काळात आयरिश पब जगभर निर्यात होत होते. बार, खुर्च्या, आरसे सगळं कंटेनरमध्ये भरून जायचं आणि भिंतीवर लावायला जुने फोटो आमच्याकडून. एका सजावटवाल्याचा फोन आला, “एका भिंतीला पुरतील एवढे गरीब लोक पाठवा, थोडी गुरंही चालतील.” मी पाठवले. कोण होती ती माणसं, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

मग डेनिस आले.

२००२ सालच्या वसंतातली सकाळ. खालून फोन आला, एक गृहस्थ आलेत, वेळ ठरवलेली नाही, पण हलायला तयार नाहीत. मी खाली गेले. सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, हातात टोपी, अंगावर रविवारचा कोट. रॉसकॉमनकडून पहाटेच्या बसने आले होते. आयुष्यभर दुधाच्या डेअरीत काम केलेलं, लग्न केलेलं नाही. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, पण त्या वयाच्या माणसाला नुसतं ‘डेनिस’ म्हणताना माझी जीभ शेवटपर्यंत अडखळली. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “माझी आई तुमच्याकडे आहे.”

हळूहळू उलगडा झाला. त्यांची थोरली बहीण ब्रायडी मँचेस्टरला असते. तिच्या नातीचा साखरपुडा तिथल्या एका आयरिश पबमध्ये होता. ब्रायडी केक खाता खाता वर बघते तो भिंतीवर सहा मुलींचा जुना फोटो, आणि त्यात तिसरी आपली आई. ब्रायडी तिथेच खुर्चीत बसली आणि रडायला लागली. तो फोटो कुठून आला, हे डेनिसनी फोन करकरून शोधून काढलं होतं.

मी त्यांना वर नेलं आणि पडद्यावर चित्र काढलं. जमीनदाराच्या मोठ्या घराचं मागचं अंगण. एप्रन बांधलेल्या सहा कामकरी मुली आणि पाठीवर टोपल्या लादलेलं एक गाढव. फोटो जमीनदाराच्या बहिणीने काढलेला. तिला जाऊनही सत्तर वर्षं कधीच उलटली होती. काचेच्या कडेला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘मुली आणि मेजर’. मी डेटाबेसमध्ये तसंच उतरवलं होतं. मेजर हे गाढवाचं नाव. मुलींची नावं तिने लिहिली नव्हती.

डेनिस पडद्याच्या अगदी जवळ गेले. मी तिसऱ्या मुलीचा चेहरा मोठा केला. सतरा-अठराची असेल. उन्हामुळे डोळे बारीक झालेले आणि हसू दाबलेलं.

“मी चार वर्षांचा असताना ती गेली,” ते म्हणाले. “तिचा आवाज आठवतो असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं तर तोही आठवत नाही.” मग त्यांनी नकळत स्वतःचा कान चाचपला. मोठे, पुढे आलेले कान. पडद्यावरच्या मुलीचेही तसेच. “कान मात्र तिने मलाच दिले,” म्हणाले आणि खिशातून रुमाल काढला. माझेही डोळे भरून आले. मी चहा आणते म्हणून उठले.

तिच्या थडग्यावर आजवर दगड नव्हता, एक लोखंडी क्रूस तेवढा होता. आता डेनिसनी काळ्या दगडाची शिला सांगितली होती आणि शिलेवर आईचा चेहरा कोरून घ्यायचा होता. जुलैत त्यांच्याकडे दफनभूमीचा रविवार असतो. सगळा गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जमतो, फुलं लावतो, पाद्री प्रत्येक थडग्यावर पाणी शिंपडत जातो. त्या दिवशी आईला चेहरा असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी परवान्याचा अर्ज उघडला. वापर कशासाठी? पुस्तक, दिनदर्शिका, चहाचा टॉवेल, बिस्किटाचा डबा, पबची भिंत. थडगं नव्हतंच. मी ‘इतर’वर टिचकी मारली आणि मॉरीनकडे गेले. मॉरीन मनाने लोण्याची, पण नियम म्हटला की तिच्यातली कारकून जागी व्हायची. तिने प्रकरण मंडळापुढे ठेवलं. मंडळाने मोठ्या उदारपणे शुल्क माफ केलं आणि त्याच उदारपणे बाकीच्या सगळ्या अटी कायम ठेवल्या.

म्हणजे असं झालं, की बाईच्या थडग्यावर तिच्यासोबत आणखी पाच मुली आणि गाढव कोरायचं, खाली ‘मंडळाच्या परवानगीने. पुन्हा नक्कल करण्यास मनाई’ ही ओळ घालायची, आणि ती बाई तिथे पाच वर्षं राहणार. परदेशातल्या बारच्या वर ती अटींसकट सहज लटकली होती, कारण तिथे अटी भिंतीला शोभत होत्या.

डेनिस सही करायला पुन्हा आले तेव्हा मॉरीन मुद्दाम उठून बाहेर गेली. जाताना दार लावून घेतलं. तिचा इशारा मला कळला. मी आवाज खाली आणून म्हटलं, “हे बघा, मँचेस्टरच्या तुमच्या भाच्याला सांगा, पबच्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढून पाठव म्हणावं. दगडवाल्याला तेवढा पुरेल. फक्त आईचा चेहरा घ्या. सही नको, ओळ नको, गाढव नको. कोणी विचारायला येणार नाही.”

मला वाटलं, म्हातारा खूष होईल. त्यांचा चेहरा मात्र कडक झाला.

“पोरी,” ते म्हणाले, “ती त्या मोठ्या घरात जन्मभर मागच्या दाराने गेली आणि मागच्या दाराने आली. हा फोटोसुद्धा मागच्याच अंगणातला आहे. तिच्या दगडावर ती पुढच्या दारानेच जाईल. कुठे सही करू?”

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी सगळ्या अटी ओठ हलवत वाचल्या.

“गाढवसुद्धा?”

“हो. गाढवसुद्धा.”

“ग्रँड,” म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल’, असं म्हणाले आणि सही केली. मग पाच वर्षांच्या कलमावर बोट ठेवून विचारलं, “आणि यानंतर?”

“ते नुसतं कम्प्युटरला हवं असतं हो,” मी म्हटलं. “त्याचं काही मनावर घेऊ नका.”

त्यांनी कागदाची घडी घालून ती आतल्या खिशात ठेवली. मनावर घेणारा माणूस कसा दिसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढची वर्षं बरी गेली. लुआस ही ट्रॅम सुरू झाली आणि आम्ही सँडीफोर्डला घर घेतलं. मी ट्रॅममध्ये बसून ऑफिसला जायची आणि खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन मोजायची. काम आवडत होतं. चित्र मागायला आलेल्या माणसाला हवं ते चित्र सापडलं की त्याचा चेहरा जसा उजळतो, तसा पगाराच्या दिवशी माझाही उजळत नसे. डेनिसची आठवण दर जुलैत यायची. एका नाताळला त्यांचं कार्ड आलं होतं, दगड छान झालाय म्हणून.

२००७ च्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. आई गेल्यानंतर घर त्यांना खायला उठत होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं ऑफिस बघायला मागितलं. मॉरीनला भेटून ते इतके खूष झाले, की दोघांना एकमेकांची भाषा येत नाही हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. आमचा परवान्याचा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “शिक्का कुठं हाये?” इथे शिक्का नसतो, नुसती सही असते, म्हटल्यावर त्यांनी तो खाली ठेवला. “मंग याले काय अर्थ हाये बाप्पा? सही तर कोनी बी करते.”

त्याच आठवड्यात डेनिसचा फोन आला. आवाज ओळखू न येण्याइतका बारीक झाला होता.

“तुमचं पत्र मिळालं,” ते म्हणाले.

कसलं पत्र, हे माझ्या ध्यानातच येईना. मग एकदम आठवलं. पाच वर्षं भरली की डेटाबेस आपोआप पत्र पाठवायचा: आपल्या परवान्याची मुदत संपत आहे, नूतनीकरण करावे अथवा प्रतिमा वापरातून काढावी. हे मीच शिकवलं होतं त्याला.

“दगडवाल्याला विचारून ठेवलंय मी,” डेनिस म्हणाले. “चेहरे घासून काढता येतील म्हणतो. नाव तसंच राहील. फक्त दफनभूमीचा रविवार तेवढा होऊन जाऊ द्याल का? यंदा माझी तब्येत बरी नाही. पुढच्या वर्षी मीही तिच्याशेजारीच असेन बहुतेक.”

काही घासू नका, मी येते, असंच काहीतरी म्हटलं असणार. ब्याऐंशी वर्षांचा माणूस आमच्या एका यंत्राच्या पत्रावरून आपल्या आईचा चेहरा पुसायला निघाला होता, आणि तोही रीतसर.

मी मॉरीनच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं. मंडळ सप्टेंबरशिवाय भरणार नव्हतं. मॉरीनने बिस्किट बशीत ठेवलं. “मुदतीच्या चौकटीत किती आकडे बसतात?” तिने विचारलं.

“तीन.”

“माझ्या घराची जमीन नऊशे नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने आहे,” ती म्हणाली. “या देशातल्या जमीनदारांनी तसेच पट्टे करून ठेवलेत. त्यांना चालतं, तर डेनिसच्या आईलाही चालेल.”

मी आकडा घातला. डेटाबेसने हूं की चूं न करता तो घेतला. कागद छापला, मॉरीनने सही केली.

“मंडळाने विचारलं तर?”

“मी ऑक्टोबरमध्ये निवृत्त होतेय,” मॉरीन म्हणाली आणि बिस्किट उचललं. मग ड्रॉवरमधून कुठल्या जमान्यातला ग्रंथालयाचा पितळी शिक्का काढून तिने तो शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. “हा तुझ्या वडिलांसाठी.”

त्या रविवारी नवरा गाडी चालवत होता, बाबा पुढे बसले होते आणि मी मागे परवाना मांडीवर घेऊन. दफनभूमी एका टेकाडावर होती. लोक घड्या घातलेल्या खुर्च्या, थर्मास, फुलांच्या कुंड्या घेऊन आले होते. बाबा म्हणाले, “हे तं आपल्या पितरपाटासारखंच दिसून राहिलं. फक्त कावळे कमी हायेत.”

डेनिसची शिला लांबूनच ओळखू आली, कारण तिच्याभोवतीच सगळ्यात जास्त गर्दी होती. काळ्या चकचकीत दगडावर सहा मुली आणि मेजर. खाली आमची ओळ, मंडळ, परवानगी, मनाई, सगळं सोनेरी अक्षरात, आईच्या, डिलियाच्या, नावाइतकंच ठसठशीत. बाबांनी दगडावर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाले, “हा आपल्याकडचा ग्रॅनाइट हाये.” डेनिसनी ते मला विचारून घेतलं. खरंच होतं, दगड भारतातूनच आला होता.

डेनिस खुर्चीत बसले होते, खूप वाळले होते. मी कागद हातात दिला. त्यांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि खांदे हलवत हसायला लागले. मग त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात पन्नाशीच्या एका बाई पुढे आल्या. हातात छोटा कॅमेरा. “तुम्हीच का त्या ग्रंथालयातल्या?” त्यांनी विचारलं. “टोकाची हॅना, ती माझी आजी. आमच्याकडे तिचा दुसरा फोटो नाही. एक... एक फोटो काढला तर चालेल का?”

मला कळेना. मग डेनिसनी सांगितलं. चित्र कापायचं नव्हतं, म्हणून बाकीच्या पाचजणीही दगडावर आल्या होत्या. पहिल्याच वर्षी म्हाताऱ्या माणसांनी त्यांना ओळखलं. ही हॅना, ही केट, ही जोसी, ही पेग. त्यांची मुलं-नातवंडं दर वर्षी आधी आपल्या थडग्यांवर जायची आणि मग इथे, तोंड बघायला. पण खाली मनाई कोरलेली होती आणि डेनिसनी शब्द दिलेला होता. म्हणून पाच वर्षं त्या सबंध गावातल्या एकाही माणसाने त्या दगडाचा फोटो काढला नव्हता.

सगळे माझ्याकडे बघत होते. खिशात कॅमेरे, हातात फोन, आणि एका बाईच्या तोंडून ‘हो’ येईपर्यंत कुणाचा हात उचलत नव्हता. आयुष्यात इतकी लाज आणि इतकी माया मला एकदम कधी वाटली नाही.

“काय म्हणून राहिले?” बाबांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं. जन्मभर सही-शिक्क्याशिवाय कागद न देणारा माणूस. त्यांनी ते ऐकून घेतलं, दगडाकडे पाहिलं आणि माझ्यावरच डाफरले, “मंग उभी काहून हाय? सांग ना त्याईले! आपल्या मायचं तोंड पाहाले कोनी अर्ज करते का?”

“काढा,” मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हटलं. “काढा. हे चित्र तुमचंच आहे. आमच्याकडे ते नुसतं ठेवलेलं होतं.”

आणि मग ते टेकाड नुसतं क्लिक-क्लिक वाजायला लागलं. पाद्रीबाबांनीही आपला फोन काढला.

निघताना हॅनाच्या नातीला एक कल्पना सुचली. आपण सगळे आपापल्या आई-आजीच्या जागी उभे राहू या. फोटो मी काढायचा. डेनिसना खुर्चीसकट उचलून तिसऱ्या जागी ठेवलं. डावीकडून दुसरी मुलगी मात्र कुणालाच ओळखता आली नव्हती. डेनिस म्हणाले, तिची जागा मोकळी सोडा, कुणी तिथे सरकू नका. मग कुणीतरी म्हणालं, मेजरचं काय? हशा पिकला. मी बाबांना हशाचं कारण सांगितलं, तर ते कोट झटकत उठले आणि टोकाला जाऊन उभे राहिले. “गाढवाच्या जाग्यावर मीच उभा राहतो. तीस वर्सं सरकारचं वझं वाह्यलं मी.”

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी पहिलं काम केलं ते ‘मुली आणि मेजर’च्या खाली नावं घालण्याचं. डेटाबेसमध्ये ती आजही असतील.

डेनिस नाताळपूर्वी गेले. त्या शिलेखालीच आहेत. मीही पुढे ते काम सोडलं; अटी त्यानंतर हळूहळू सैल झाल्या असं ऐकते. पण काम सोडण्याआधी, त्याच हिवाळ्यात, हॅनाच्या नातीचा फोन आला. मी काढलेला फोटो मोठा करून गावच्या सभागृहात लावणार होते आणि त्यांना विचारायचं होतं की खाली ओळ काय घालायची. ओळीशिवाय चित्र लावतात, हे त्या गावाला आता पटतच नव्हतं.

मी हसले, आणि मग लक्षात आलं की इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या चित्रांमध्ये हे एकच असं होतं, की ज्याचा कॉपीराइट खरोखर माझा होता. अट घालायचा पुरेपूर हक्क. मी म्हटलं, ओळ घाला, आणि एकही शब्द कापू नका. तिने पेन आणलं आणि मी सांगितली: सौजन्य, डिलिया, हॅना, केट, जोसी, पेग, आणि डावीकडून दुसरी, जिचं नाव आम्ही अजून विचारत आहोत.